विमान तुझ्याकडे

प्रिय कप्तान,

सकाळपासून कानात एक सूर वाजतोय आणि त्याच्यापायी मी कुठल्याच खुर्चीत धड बसलेलो नाही. सूर फार जुना आहे. आपलं ते पहिलं विमान आठव, हिरव्या पट्ट्याचं, ज्याची उजवी सीट पुढे सरकायची पण मागे सरकायची नाही. त्याच्या पंखाच्या कडेला एक भोक होतं. विमानाचा वेग फारच कमी झाला की त्या भोकातून हवा ओढली जायची आणि आत बसवलेली पितळी पट्टी वाजायला लागायची. गवताचं पातं दोन अंगठ्यांत धरून फुंकल्यावर येतो ना, तसा रडवेला, लांबलेला सूर. तू मला पहिल्यांदा वर नेलंस त्या दिवशी मी खालची शेतं बघून हरखलो आणि आपल्या चौथीच्या पुस्तकातली ढगांची कविता म्हणायला लागलो, चालीसकट. तू फक्त विमानाचं नाक हळूहळू वर करत राहिलास आणि तो सूर सुरू झाला. मी घाबरून विचारलं, "अरे, काय वाजतंय?" तू म्हणालास, "विमानाला कविता आवडलेली नाही." मग नाक खाली कोसळलं, माझं पोट वरच राहिलं आणि तू हसत सुटलास. खाली उतरल्यावर समजावलंस की पंखाची हवेवरची पकड सुटायला लागली की हा सूर निघतो. ही विमानाची ताकीद असते, ऐकली नाही तर विमान पडतं. मी म्हटलं, मग ताकीद इतकी करुण कशाला? आपल्या मास्तरांसारखी छडी आपटून द्यावी की. तेव्हापासून तू मला कविराज म्हणायला लागलास, आणि तुझं कप्तान हे नाव तर शाळेच्या मैदानापासूनचंच.

हे पत्र तू उघडशील याची मला खात्री नाही. गेले कित्येक दिवस मी येतो, वहिनी दार उघडतात, म्हणतात, "भावोजी, हे आत्ताच झोपलेत." आणि आतल्या खोलीत रेडिओवर बातम्या चालू असतात. वहिनींना खोटं बोलता येत नाही रे, त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल होतात. एवढ्या वयात त्यांना कशाला ही शिक्षा? एकदा तर तू आतूनच ओरडलास, "त्याला सांग, मी सामान म्हणून विमानात बसणार नाही!" मी चपला घातल्या आणि निघालो. जिना उतरताना राग आला होता, कोपऱ्यावर पोचेपर्यंत रागाचं काही राहिलं नव्हतं, नुसतीच पायांना घाई होती. तेव्हापासून ती आहेच. छापखान्यात आयुष्यभर एका जागी बसून प्रुफं तपासली, पानामागून पान, कधी मान वर केली नाही, आणि आता एक अख्खं पान वाचून होत नाही. चहा ठेवतो, विसरतो, उतू जातो. आत्ताही हा परिच्छेद लिहिताना मी दोन वेळा खिडकीशी जाऊन आलो. बाहेर काही नव्हतं.

आपल्या हँगरवरच्या मिस्त्रीकडून कळलं की तू विमान विकायचं ठरवलंयस. त्याने हँगरच्या पत्र्यावर पाटीसुद्धा लावली. अर्धं विमान माझंही आहे हे त्याने तुला सांगून पाहिलं म्हणे, तर तू म्हणालास, "त्याचं अर्धं कुठलं ते विचार, पुढचं की मागचं?" हे ऐकून मला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी तुझा विनोद माझ्यापर्यंत पोचला, मिस्त्रीमार्फत का होईना. पण मग वाटलं, विमान गेलं तर आपण भेटायचं कुठे? तुझ्या दाताच्या दवाखान्यात? माझ्या तोंडात आता उपटण्यासारखं काही शिल्लक नाही.

तुला त्या रविवारचं काही आठवत नाही, हे डॉक्टर म्हणाले. मेंदूतल्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली, वेळेवर विरघळली, जीभ परत आली, चालणं परत आलं, डाव्या हाताला थोडा अशक्तपणा राहिला आणि तेवढा भाग पुसला गेला, कालव्यापासून दवाखान्यापर्यंतचा. आता गंमत बघ. तुला काय झालं ते तुला आठवत नाही, आणि मी काय केलं ते मला आठवत नव्हतं. मला एवढंच माहीत होतं. आपण कालव्यावर होतो. हवा स्वच्छ होती. तू डावीकडे, मी नेहमीसारखा उजवीकडे, मांडीवर नकाशा, जणू आपण कधी रस्ता चुकणार होतो. तू मला तुझ्या एका पेशंटची गोष्ट सांगत होतास, तो खुर्चीतून उठून तोंडात कापूस घेऊनच पळाला होता. गोष्ट मधेच थांबली. नाक वर जायला लागलं, आणि या विमानाचाही तसाच सूर वाजला. मला वाटलं, झाली याची थट्टा सुरू. मी हसतच तुझ्याकडे वळलो, आणि तुझ्या तोंडाची एक बाजू खाली ओघळलेली दिसली. त्यानंतर सगळे तुकडे. क्षितिज तिरपं झालं, कालवा समोरच्या काचेत आडवा फिरला, मग पुन्हा सरळ. चेंडूसारखे टप्पे खात आपण धावपट्टीवर उतरलो. मिस्त्री पळत येताना दिसला, हातात पाना घेऊन, जणू तुला पान्याने बरं करणार होता.

आणि दवाखान्यात तू शुद्धीवर आल्यावर याच मिस्त्रीने, प्रेमानेच, तुझ्या उशाशी उभं राहून सगळ्यांना ऐकवलं, "कविराजांनी साहेबांच्या हातातून विमान हिसकावून घेतलं, म्हणून दोघं वाचले." मी तिथेच होतो, स्टुलावर. तू माझ्याकडे पाहिलंस आणि मान भिंतीकडे केलीस. ती मान अजून तिकडेच आहे, कप्तान. तुझ्या डोक्यात काय बसलंय ते मला कळतं. तुझा हात विमान चालवायच्या दांडीला चिकटून राहिला, तू मला घेऊन खाली जाणार होतास, आणि मला तुझ्याशी झोंबाझोंबी करावी लागली. मी काही बोललो नाही, कारण मला ठाऊकच नव्हतं. मिस्त्री म्हणतो म्हणजे तसंच झालं असेल, असं मीही धरून चाललो. तो तर खाली होता! पण गोष्ट सांगणाऱ्याच्या आवाजात जोर असला की प्रत्यक्ष साक्षीदारसुद्धा फसतो.

आता बातमी. मी या वयात शाळेत नाव घातलंय. हसू नकोस. हसायचं असेल तर मोठ्याने हस, वहिनींना ऐकू जाऊ दे. मैदानाच्या पलीकडच्या टोकाला, वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या त्या नारिंगी कापडी मोज्याच्या मागे, ते छोटं पत्र्याचं हँगर आहे ना, तिथे एक बाई बिघडलेल्या प्रसंगातून विमान सोडवायला शिकवतात. विमान चालवायला नव्हे, ते येणाऱ्यांनाच घेतात. विमान आडवं झालं, उलटं झालं, पकड सुटून गिरकी घेत खाली निघालं, तर पुढच्या काही क्षणांत काय करायचं, एवढंच. माझ्याकडे लायसन आहे, पण तू डावीकडे असताना मला ते वापरायची गरज कधी पडली? माझे तास म्हणजे तुझ्या तासांच्या शेजारी बसलेले तास. त्या रविवारनंतर मी झोपेत दचकून उठायचो. मी काहीतरी केलं होतं आणि काय केलं ते मला माहीत नव्हतं. पुन्हा वेळ आली तर? म्हणून एका सकाळी सरळ जाऊन उभा राहिलो.

बाई ठेंगण्या, केस मुलासारखे कापलेले, कानामागे खडू. मी "नमस्कार बाई" म्हटलं तर म्हणाल्या, "काका, बाई नका म्हणू, मी तुमच्या मुलीपेक्षा लहान असेन." मी म्हटलं, शिकवणाऱ्या बाईंना बाई नाही म्हणायचं तर काय म्हणायचं? त्या म्हणाल्या, "बरं, पण मग गृहपाठ करावा लागेल." पहिला दिवस सगळा जमिनीवर. एक खेळण्यातलं विमान हातात घेऊन फळ्यासमोर उभ्या राहिल्या आणि मी बाकावर, कप्तान, खरोखरच्या बाकावर, लाकडी, कोणीतरी कर्कटकाने नाव कोरलेल्या. मला इतकं भरून आलं की पहिली पाच वाक्यं मी ऐकलीच नाहीत. त्यांनी ओळखलं. "काका, खिडकीबाहेर नाही, इकडे." साठ वर्षांनी कोणीतरी मला हे वाक्य म्हणालं!

मग पॅराशूट. ते पाठीला बांधून चालताना मी शाळेच्या पहिल्या दिवशीच्या पोरासारखा दिसत होतो, दप्तर अंगापेक्षा मोठं. जमिनीवर उभ्या विमानातून बाहेर पडायचा सराव केला. दार, पट्टा, उडी. माझा गुडघा दारात अडकला. बाई म्हणाल्या, "काका, वर मी 'उतरा' म्हटलं तर 'काय म्हणालात?' असं विचारू नका. उत्तर द्यायला मी तिथे नसेन." यावर मी त्यांना विचारलं की आजवर कधी उतरावं लागलंय का. "नाही," म्हणाल्या, "पण तुमचा गुडघा बघून मला आज पहिल्यांदा काळजी वाटली."

पहिल्या उड्डाणांत मी सपशेल नापास. गोष्ट अशी की विमानाची पकड सुटते तेव्हा बहुतेक वेळा एक पंख आधी पडतो. पडणारा पंख बघितला की आपला हात आपोआप दांडी उलट्या बाजूला नेतो, त्या पंखाला उचलायला. इतकी वर्षं तेच तर केलं. पण पकड सुटलेल्या पंखाला हाताने उचलायला गेलं की तो आणखी पडतो, आणि विमान गिरकी घ्यायला लागतं. तिथे काम पायांचं असतं. शेपटीचं सुकाणू पायांच्या पट्ट्यांवर चालतं, आणि माझे पाय म्हणजे तुला माहीतच आहेत, विमानात बसल्यावर ते स्वतःला प्रवासी समजतात. बाई ओरडायच्या, "काका, पाय! पाय घरी ठेवून आलात का?" आणि समोरच्या काचेत सगळी शेतं, रस्ते, ते एक निळ्या छपराचं गोदाम, जात्यात टाकल्यासारखी फिरत असायची. गिरकीतून बाहेर यायला दांडी पुढे लोटावी लागते, म्हणजे जमीन समोर दिसत असताना तिच्याकडेच आणखी नाक करायचं. माझ्या सगळ्या अंगाने या गोष्टीला नकार दिला. हात पोटाकडे ओढत राहिला. बाईंनीच दर वेळी विमान सोडवलं. खाली येऊन मी हिरवागार चेहरा घेऊन गवतावर बसलो आणि म्हटलं, बाई, माझं नाव काढून टाका. त्या शेजारी येऊन बसल्या. म्हणाल्या, "तुम्ही विचार करता काका. तिथे विचाराला वेळ नसतो. तुम्हाला काय पाठ येतं? झोपेत उठवलं तरी म्हणता येईल असं?"

आता हा प्रश्न मला विचारायचा! मी म्हटलं, चौथीच्या कविता. सगळ्या.

आणि मग, कप्तान, मी घरी येऊन त्या चार कृतींना चाल लावली. आपल्या मास्तरांची ती जुनी चाल, टेबलावर बोटं आपटत म्हणायची, जी सगळा वर्ग एका सुरात ओरडायचा आणि शेजारच्या वर्गातले मास्तर दार लावून घ्यायचे. "इंजिन गप्प, हात मधे, पाय उलटा, दांडी पुढे!" कविता म्हणून यात काही दम नाही, मीच लाल शाईने खोडली असती. पण पुढच्या वेळी गिरकी सुरू झाली आणि मी मोठ्याने म्हणायला लागलो, तर माझे पाय, माझे हे बावळट पाय, शब्दाबरोबर हलले. उलटा पाय दाबला, दांडी पुढे लोटली, आणि फिरणारी शेतं झटक्यात थांबली. जशी वर्गात मास्तर आल्यावर पोरं थांबतात. मग पाय मधे घेऊन मी हळूच नाक वर ओढलं. बाई हेडफोनमधून म्हणाल्या, "पुन्हा म्हणा." मी पुन्हा म्हटलं. त्यांनी पुन्हा गिरकी दिली. आता त्या ही ओळ सगळ्या शिकणाऱ्यांकडून म्हणवून घेतात म्हणे. मिस्त्री सांगत होता की काल दोन धिप्पाड तरुण हँगरमागे उभे राहून चालीवर ओरडत होते. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या कवितेचा कोणाला उपयोग झाला, आणि ऐकायला तू नाहीस.

एकदा त्यांनी विमान पूर्ण उलटं केलं. माझ्या खिशातली पेन्सिल, फरशीवरची धूळ, कोणा पूर्वजाचं एक बटण, सगळं छताला गेलं. पट्ट्याला लटकून मी डोक्यावरच्या शेतांकडे बघत होतो. खाली ढग होते, वर नदी होती. मला भीती वाटायला हवी होती, पण मनात आलं, हे त्याला सांगायला हवं. मग लक्षात आलं की तू झोपलेला असशील, रेडिओ लावून.

आता जे सांगायचं त्याच्याजवळ आलोय, म्हणून पुन्हा उठून एक फेरी मारून आलो. माझ्या घरात फेरी ती काय, खिडकी ते मोरी.

आपण दर रविवारी करायचो ती गोष्ट बाईंनी मला शिस्तीने शिकवली, आणि मी चुकत होतो हे दाखवलं. विमानात दोघांपुढे दोन दांड्या, आतून एकमेकींना जोडलेल्या. एक हलली की दुसरी हलते. म्हणून एका वेळी एकानेच चालवायचं, आणि देणंघेणं तोंडाने बोलून करायचं. देणारा म्हणतो, "विमान तुझ्याकडे." घेणारा म्हणतो, "विमान माझ्याकडे." मग देणारा हात काढून दोन्ही मांड्यांवर उताणे ठेवतो, घेणाऱ्याला दिसतील असे. तू हे कायम तस्संच करायचास. तुला चष्मा पुसायचा असला तरी "विमान तुझ्याकडे" आणि हात उताणे. मी हसायचो, म्हणायचो, काय रे हा देवघेवीचा सोहळा. बाईंना मी मात्र "तुमच्याकडे" म्हणून बोटं दांडीवरच ठेवायचो, नकळत. बाईंनी पकडलं. "काका, तुम्ही म्हणता दिलं, पण देत नाही. या सवयीने माणसं मेलीत." मी विचारलं, कशी? त्या म्हणाल्या, चला दाखवते.

विमान हँगरमध्ये उभं, इंजिन बंद. त्या डावीकडे बसल्या, मी उजवीकडे. त्यांनी त्यांची दांडी दोन्ही हातांनी पोटाशी ओढून धरली आणि म्हणाल्या, "मी घाबरलेली आहे. किंवा मला झटका आलाय. मला ऐकू येत नाही. आता विमान वाचवा." मी माझी दांडी पुढे लोटली. हलली नाही. दोन्ही हातांनी लोटली, पाय रोवून, खांदा लावून. मला घाम फुटला, ती केसभर हलली नाही. बाई माझ्या खांद्याला लागतात रे, मनगट माझ्यापेक्षा बारीक! म्हणाल्या, "पोटाशी धरलेली दांडी शेजारच्याला सोडवता येत नाही. मी शिकणाऱ्यांच्या बोटांवर मारते, ओरडते, चिमटे काढते. एकाला तर चावलेय." (तुझ्या धंद्यातलं आहे म्हणून मुद्दाम लिहिलं.) "तरी सगळे सोडतात असं नाही. शुद्ध जात असताना तर मूठ आणखी आवळते. ज्या विमानात मूठ सुटत नाही ते विमान खाली येऊन काही सांगत नाही."

मी तिथेच बसून राहिलो. बाईंनी विचारलं, "काका, काय झालं?" मग मी त्यांना आपला रविवार सांगितला, मिस्त्री सांगतो तसा. त्या ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "तुमचे मित्र काय करायचे?" मी म्हटलं, दातांचे डॉक्टर. "हात?" मी म्हटलं, अर्ध्या शहराच्या अक्कलदाढा त्या मनगटाने उपटल्यात. "चला वर," म्हणाल्या.

वर, भरपूर उंचीवर, त्यांनी नाक वर ओढलं आणि ओढतच राहिल्या. त्यांच्या विमानात पितळी पट्टी नाही, विजेचा भोंगा आहे, तो बोंबलायला लागला. पंख पडला. त्यांनी त्या क्षणी म्हटलं, "विमान तुमच्याकडे," आणि दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले. आणि मी ते पाहिलं. ते दोन हात पाहिले आणि पाय आपोआप चालले, दांडी पुढे गेली, शेतं थांबली, नाक वर आलं, सगळं बरोबर झालं. पण मी तिथे नव्हतो, कप्तान. मी कालव्यावर होतो.

म्हणून हे पत्र. बोलावणं म्हणून नाही, समजूत म्हणून नाही. तुझ्या बाबतीतली एक गोष्ट जगात फक्त मला माहीत आहे आणि ती तुझी तुला परत करायची आहे. तुझं तोंड ओघळलं होतं, जीभ जड झाली होती, डोळे माझ्या पलीकडे कुठेतरी बघत होते, आणि तू म्हणालास, "तुझ्याकडे." 'विमान' हा शब्द निघाला नाही, नुसतं "तुझ्याकडे." आणि तू दांडी सोडलीस. उजवा हात मांडीवर उताणा ठेवलास, मग उजव्या हातानेच तो डावा उचललास, जो ऐकत नव्हता, आणि तोही उताणा ठेवलास. मला दिसतील असे. मग तू गेलास. तू म्हणशील, कविराज, तुला विसरलेलं कडवं स्वतः रचून घालायची सवय आहे. आहे. पण मग जाऊन हँगरमध्ये उभ्या विमानात बस, वहिनींना शेजारी बसव, दांडी पोटाशी धर आणि त्यांना म्हणावं सोडवा. तुझी मूठ मी सोडवू शकलो असतो का, मी, ज्याला लोणच्याच्या बरणीचं झाकण शेजारणीकडून उघडून आणावं लागतं? मी काहीही हिसकावलं नाही. तू दिलंस. ज्या वेळी माणसाला स्वतःचं नाव सांगता येत नाही, त्या वेळी तू ते रीतसर दिलंस. बाई म्हणाल्या, आम्ही वर्षानुवर्षं हेच एक शिकवतो आणि बहुतेकांना येत नाही, त्यांना एकदा माझ्या वर्गात आणा, पोरांना बघू दे. उद्या माझं या शाळेतलं शेवटचं उड्डाण आहे. तू बाकावर येऊन बस, एवढंच मागणं. सामान म्हणून नाही. पाटीचं मग बघू. आणि नाही आलास तरी एवढं मात्र मनातून काढून टाक, की तू मला मारणार होतास. मी आज बसून हे लिहितोय, चहा उतू घालतोय, कविता रचतोय, ते सगळं तू हात उचललेस म्हणून

दार वाजतंय. शेजारचं कोणी असेल. आलोच.

आता उभ्यानेच लिहितोय. कप्तान, दारात वहिनी आहेत! एकट्या, पदराने घाम पुसत, हातात गाडीची किल्ली. मी विचारलं, "वहिनी, गाडी कोणी आणली?" तर म्हणाल्या, "मी. दुसरं कोण? डॉक्टरांनी यांना चालवायची बंदी केली तेव्हापासून शिकतेय. यांना सांगायचे बाजारात जाते. आज पहिल्यांदा म्हटलं, बसा शेजारी. म्हणाले, कुठे? मी म्हटलं, जिथे तुम्हाला जायचं नाही तिथे." मी विचारलं, बसला? "बसले की. वाटभर दोन्ही पाय आपटत होते ब्रेकसाठी, डोळे मिटत होते, मला गाढव म्हणाले. पण भावोजी, स्टिअरिंगला हात नाही लावला. तुम्ही आधी खाली चला, गाडी कोणाच्या तरी फाटकासमोर आडवी लागलीय, आणि मला अजून मागे घेता येत नाही." खिडकीतून वाकून पाहिलं. गाडीच्या पुढच्या काचेतून तुझं टक्कल दिसतंय, आणि मांडीवरचे हात. पत्र पोस्टात टाकत नाही, घेऊनच उतरतो. जाऊ नकोस कुठे.

तुझाच, एक चप्पल शोधत असलेला,
कविराज